अर्धे सूत

परदेशी मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आईबापांना परतल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मग, काय काय पाहिलंत?" लंडनचा मनोरा, राणीचा राजवाडा, शेक्सपिअरचे घर अशी उत्तरे विचारणाऱ्याला अपेक्षित असतात, आणि ती दिली की त्याचेही समाधान होते. पण खरे सांगायचे तर २०२४ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मी इंग्लंडात जे सर्वांत बारकाईने पाहिले, ते म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या एका मोटारीचे पोट. तेही गॅरेजच्या गार फरशीवर, कुशीवर पडून.

आमची कन्या स्विंडनला असते. हे गाव एके काळी रेल्वेच्या कारखान्यावर जगत होते. तो कारखाना १९८६ साली बंद पडला. आता गावाची ख्याती आहे ती एका चौकासाठी. तिथे एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच लहान वर्तुळे आहेत, आणि मोटारवाले त्यांतून कसे बाहेर पडतात हे पाहात उभे राहिले तर आपला तास सहज जातो. गावात गोव्याकडची मंडळी पुष्कळ. त्यांच्यापैकी एकाच्या दुकानात कोकमापासून पोह्यांपर्यंत सगळे मिळते, त्यामुळे आमच्या सौ.ना परदेश फारसा परका वाटला नाही. त्या मराठीत बोलत, तो कोकणीत उत्तर देई, आणि पैशांचा हिशेब मात्र दोघेही इंग्रजीत करीत.

कन्येची मोटार म्हणजे माझदा एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. वजन जेमतेम हजार किलो. कन्येची गाडी १९९६ ची, म्हणजे पहिल्या पिढीतली. तिचे पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात, छप्पर हाताने मागे ढकलायचे, आणि बसायला जागा दोनच. "दोनच माणसांची गाडी!" सौ. म्हणाल्या, "अगं, पाहुणा आला तर त्याला काय टपावर बसवणार?" त्यावर कन्या म्हणाली, "आई, टपच नाही गं!"

ही गाडी ती बाजारहाटाला नेत नाही. वर्षातून तीनचार वेळा ती शर्यतीच्या मार्गावर नेते. तिकडे 'ट्रॅक डे' नावाचा एक प्रकार असतो. पैसे भरायचे, सकाळी सुरक्षिततेचे व्याख्यान ऐकायचे, हेल्मेट घालायचे, आणि मग एखाद्या खऱ्या शर्यतीच्या मार्गावर आपली स्वतःची गाडी हवी तितकी पळवायची. ही शर्यत नव्हे. कोणी वेळ मोजत नाही, बक्षीस नाही. पुढे जायचे तर पुढच्याने वाट दिल्यावर, ठरलेल्या बाजूने आणि ठरलेल्या ठिकाणीच. पैसे देऊन नुसते गोल फिरायचे यात काय मजा, असे ज्यांना वाटेल त्यांनी आपण मैदानाभोवती रोज सकाळी काय करतो ते आठवून पाहावे.

जूनमधल्या एका संध्याकाळी, सौ. आत पोळ्या लाटीत असताना, कन्या मला हळूच म्हणाली, "बाबा, आईला सांगू नका. मे महिन्यात कॅसल कूमला माझी गाडी फिरली."

"फिरली म्हणजे?"

"म्हणजे तोंड पुढे होतं ते मागे झालं. कुठे आपटली नाही, गवतात गेली फक्त."

मी काही बोललो नाही. बापाने अशा वेळी काय बोलावे हे कुठे लिहून ठेवलेले नाही. "आता हा नाद पुरे" हे वाक्य ओठांवर आले होते. पण मुलगी चौतीस वर्षांची, स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेली. तिला ते वाक्य ऐकवून एवढेच झाले असते, की पुढच्या वेळी गाडी फिरली तर मला कळले नसते. तेव्हा मी विचारले, "कोणत्या वळणावर? उजव्या का डाव्या?"

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "उजव्या. नेहमी उजव्यालाच मागची बाजू सुटते. डावीकडे वळताना गाडी शहाण्यासारखी वागते."

चौतीस वर्षे मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. एक यंत्र दोन बाजूंना दोन तऱ्हांनी वागते, तेव्हा दोष चालवणाऱ्यात शोधण्याआधी यंत्रात शोधावा, एवढे मला त्या नोकरीने शिकवले आहे. मी म्हटले, "चाके कोणी पाहिली होती का?"

पाहिली होती. फेब्रुवारीत एका गॅरेजमध्ये संगणकावर चाके जुळवून घेतली होती, आणि तिथला छापील कागदही तिच्यापाशी होता. त्यावर सगळे आकडे हिरव्या रंगात. मागच्या दोन चाकांचा मिळून टो दोन मिलिमीटर आत. कंपनीच्या पुस्तकात बसणारा.

इथे वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. मोटारीच्या चाकांना तीन तऱ्हांनी वाकडे होता येते. आपण पायांचे अंगठे आत वळवून चाललो किंवा फेंगडे चाललो, तर जो फरक पडतो तो टो. चाकाचे डोके आत किंवा बाहेर झुकले तर तो कॅम्बर. आणि सायकलचा पुढचा चिमटा जसा सरळ उभा नसून पुढे तिरका असतो, तसा पुढच्या चाकांच्या वळण्याच्या आसाचा जो तिरकेपणा, तो कॅस्टर. सायकल हात सोडूनही सरळ जाते त्यात असल्या तिरकेपणाचीही मदत असते; मोटारीचे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर येते तेही बरेचसे त्यामुळेच.

यांपैकी कॅम्बरविषयी कन्येला वाटत होते की मला ते पटवायला फार कष्ट पडतील. "बाबा, ट्रॅकसाठी चाकं मुद्दाम वाकडी लावतात. डोकी आत. दोन अंश." पण मला त्यात नवल वाटले नाही. कारखान्यातल्या ओव्हरहेड क्रेनचा गर्डर पाहिला आहे का कधी? तो बनवतानाच मध्ये किंचित वर फुगवलेला असतो, म्हणजे ओझे आले की सरळ होतो. त्या फुगवट्यालाही कॅम्बरच म्हणतात. मोटार वेगाने वळते तेव्हा तिचे अंग बाहेरच्या बाजूला कलते, आणि सगळा भार घेणारे बाहेरचे चाकही तिच्याबरोबर कलते. उभ्या गाडीत ते चाक अगदी सरळ असेल, तर वळणावर ते टायरच्या बाहेरच्या काठावर उभे राहणार. म्हणून आधीच ते उलट झुकवून ठेवायचे. गॅरेजमध्ये वाकडे, वळणावर सरळ.

याचा पुरावा कन्येच्या वहीत होता. मे महिन्यात गाडी मार्गावरून आत येताच तिने सुईच्या तापमापकाने टायरच्या रबराचे तापमान तीन ठिकाणी घेतले होते. डावे पुढचे चाक : आतला काठ ५८ अंश, मध्य ६७, बाहेरचा काठ ७९. म्हणजे बिचारा बाहेरचा काठ एकटा राबत होता, आणि आतला काठ घरजावयासारखा बसून होता. (आमचे जावईबापू तसे नाहीत, हे इथेच नमूद करतो. त्यांना मोटारींत रस नाही, पण ते भांडी घासतात.)

पण कॅम्बर कमी असल्याने गाडी फक्त उजवीकडेच का सुटावी? त्याचे उत्तर कागदात नव्हते. मी म्हटले, "आपण सूत लावू."

सूत लावणे ही गवंड्याची, सुताराची आणि फिटरची विद्या. शर्यतीच्या तंबूंतही ती आजतागायत चालते. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, एकेक दोरा ताणून बांधायचा. दोन्ही दोरे एकमेकांना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर. इथे एक खोच आहे. या गाडीच्या मागच्या चाकांमधले अंतर पुढच्यांपेक्षा सुमारे पंधरा मिलिमीटरने जास्त असते. तेव्हा दोरा मागच्या चाकाच्या मध्यापासून जितका दूर, त्याहून पुढच्या चाकाच्या मध्यापासून साडेसात मिलिमीटर अधिक दूर हवा. हे साधले, की प्रत्येक रिमच्या पुढच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत पोलादी पट्टीने मोजायचे. दोहोंतला फरक म्हणजे त्या एका चाकाचा टो. दोन चाकांचा मिळून नव्हे, एकेकाचा, वेगवेगळा.

त्याआधी जमीन. इंग्लंडातल्या गॅरेजमध्ये मोटार सोडून बाकी सगळे ठेवतात. ते बाहेर काढण्यात एक रविवार गेला. मग मी पारदर्शक नळीत पाणी भरून, आपले गवंडी करतात तशी, चारी चाकांच्या जागांची पातळी पाहिली. डाव्या मागच्या कोपऱ्यात नऊ मिलिमीटर उतार निघाला. तीन मिलिमीटर जाडीच्या तीन फरश्या तिथे आल्या. चाकांना सहज सरकता यावे म्हणून प्रत्येकाखाली आणखी दोन फरश्या, मध्ये ग्रीस.

आणि मग वजन. गाडी मोजायची ती चालवणारा आत बसलेला असताना, कारण माणूस बसला की स्प्रिंग दबतात आणि चाकांचे कोन बदलतात. पण चालवणारी तर माझ्याबरोबर गाडीखाली. कन्येचे वजन हेल्मेटसकट ५६ किलो. मी स्वयंपाकघरात गेलो. बासमतीची वीस किलोची दोन पोती, दहा किलोची कणीक, आणि तूरडाळीच्या दोन किलोच्या तीन पिशव्या. हिशेब पैशाला पैसा जुळला. पोती उजवीकडच्या सीटवर बसवून मी त्यांना पट्टा लावला. सौ. दारात उभ्या राहून हे पाहात होत्या. "अन्न आहे ते," एवढेच म्हणाल्या. थोड्या वेळाने येऊन डाळीच्या पिशव्या पायाशी होत्या त्या उचलून मांडीच्या जागी ठेवून गेल्या.

मोजले. उजवे मागचे चाक : साडेतीन मिलिमीटर आत. डावे मागचे : दीड मिलिमीटर बाहेर.

मी पुन्हा मोजले. गाडी पुढेमागे ढकलून, स्प्रिंगा बसवून, तिसऱ्यांदा मोजले. तेच. साडेतीनातून दीड गेले, राहिले दोन. बेरीज अगदी हिरवी! आमच्या जुन्या मापात दीड मिलिमीटर म्हणजे अर्धे सूतही नव्हे. पेन्सिलीच्या शिशाएवढे अंतर. पण उजव्या वळणावर सगळा भार डाव्या चाकांवर येतो, आणि नेमके तेव्हा ते मागचे डावे चाक फेंगडे होऊन गाडीची शेपटी बाहेर ओढीत होते. पुढचे चाक जरा फेंगडे असले तर चालते. गाडी वळायला उत्सुक होते, फार तर सरळ रस्त्यावर थोडी भिरभिरते. मागचे फेंगडे असले तर गाडी वळतच राहते.

असे का केले असेल, हे गाडीखाली गेल्यावर कळले. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात. अठ्ठावीस हिवाळ्यांच्या मिठाने डाव्या मागच्या आर्मचे दोन्ही कॅम बोल्ट आपल्या नळकांड्यांत एकजीव झाले होते. हेच बोल्ट फिरवून चाक जुळवायचे असते. दोन्ही एका दिशेला फिरवले तर कॅम्बर बदलतो, विरुद्ध दिशांना फिरवले तर टो. डावे फिरेना, म्हणून त्या गॅरेजवाल्याने उजवे आत घेऊन बेरीज जमवली होती, आणि मागची चाके जिकडे पाहात होती तिकडे पुढची वळवून स्टिअरिंगही सरळ दिसेल असे केले होते. घरात एक काका हट्टी असले की बाकीचे घर त्यांच्या कलाने बसते, तसलाच प्रकार. गाडी सरळ जात होती, पण खेकड्यासारखी अंग तिरके धरून. त्याच्याकडे वेळ नसेल, किंवा साध्या रस्त्याला एवढे पुरेल असे त्याला वाटले असेल. पण कागदावर तसे लिहायला हवे होते. त्या हिरव्या रंगाचा मला अजूनही राग येतो.

त्या बोल्टांना मी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तेल पाजले. संध्या करणारा माणूसही इतका नियमित नसेल. ते हलले नाहीत. ज्योत लावली तर आतले रबरी बुश जळणार. शेवटी आर्म आणि चासी यांच्या फटीत करवतीचे पाते घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापले. अर्धा दिवस मी, अर्धा दिवस ती. बुश व्हाइसमध्ये धरून दाबून काढले, नवे बसवले. नव्या बोल्टांना भरपूर ग्रीस चोपडताना कन्या म्हणाली, "पुढच्या वेळी सोपं जाईल." पुढच्या वेळी मी कुठे असेन, असा एक विचार मनात येऊन गेला. मी तो बोललो नाही. ग्रीस नीट सगळीकडे लागले आहे का ते पाहिले.

या सगळ्यात तीन आठवडे गेले, आणि घरात वेगळाच पेच उभा राहिला. पोती फोडायची नव्हती, वजन कमी होईल म्हणून. जावईबापू गोवेकराच्या दुकानातून खाण्यासाठी निराळा तांदूळ आणीत. "एवढा भात लागतो तुम्हाला?" असे त्याने एकदा विचारलेही म्हणे.

जुळवण्याचा क्रम ठरलेला. आधी मागची चाके, कारण गाडी कुठे जायची ते ती ठरवतात. कॅम्बर आधी, टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. कन्या कोन मोजायचे विजेरीवरचे यंत्र लावी, मी ओळंबा धरी. या रिमची उंची सुमारे ३८० मिलिमीटर. चाक एक अंश झुकले की ओळंब्याच्या दोऱ्यापासून वरच्या आणि खालच्या कडेच्या अंतरात साडेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. यंत्र म्हणाले दोन अंश, ओळंबा म्हणाला तेरा मिलिमीटर. दोघांचे सूत जुळले. पुढच्या चाकांच्या कॅम्बरसाठी कॅस्टर थोडा सोडावा लागला, कारण तिथे दोन्ही त्याच बोल्टांतून मिळतात. एकाला दिले की दुसऱ्याचे जाते. अखेर पुढे दोन अंश कॅम्बर आणि टो शून्य; मागे पावणेदोन अंश, आणि प्रत्येक चाक एक मिलिमीटर आत. बेरीज दोन. कागदावरची तीच बेरीज.

सप्टेंबरमध्ये आम्ही कॅसल कूमला गेलो. मी कन्येबरोबर, सौ. जावईबापूंच्या गाडीतून, पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी घेऊन. दुसऱ्या महायुद्धातला हा विमानतळ. त्याच्या कडेच्या रस्त्यावर १९५० साली शर्यतीचा मार्ग झाला. लांबी सुमारे तीन किलोमीटर आणि बहुतेक वळणे उजवी. त्यांतले क्वारी नावाचे वळण अवघड, कारण त्याच्या आधी उंचवटा आहे आणि गाडी हलकी झालेली असतानाच ब्रेक दाबावा लागतो. मे महिन्यात ती फिरली होती ती तिथेच.

पहिल्या फेरीला कन्या निघाली. मी कठड्याशी उभा. सौ. शेजारी येऊन म्हणाल्या, "याच वळणावर फिरली होती ना?"

मी त्यांच्याकडे पाहिले.

"मे महिन्यातच सांगितलं होतं तिनं मला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुमचं ब्लडप्रेशर." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी उंचवट्यावरून आली, नाक खाली गेले, वळली, आणि शेपटी जिथे असायला हवी तिथेच ठेवून पुढे गेली. "गेली का?" सौ.नी विचारले. "गेली." असे आठ वेळा झाले.

गाडी आत आल्याबरोबर आम्ही टायरमध्ये सुई घातली. डावे पुढचे : आत ७३, मध्य ७०, बाहेर ६८. कन्येने आकडे वहीत लिहिले, मेच्या आकड्यांच्या खाली, आणि काही न बोलता वही माझ्या हातात दिली.

दुपारी तिने मला हेल्मेट घातले. मी म्हटले, माझे चौऱ्याहत्तर किलो डावीकडे आले तर आपण मोजलेले सगळे बिघडेल. "बिघडू दे," ती म्हणाली. क्वारीला पोट घशाशी आले हे खरे. पण माझे लक्ष होते तिच्या हातांकडे. वळणात शिरताना तिने स्टिअरिंग एकदा वळवले आणि तिथेच धरून ठेवले. कुठे सावरासावर नाही, दुरुस्ती नाही. माझ्या खात्यात लेथवर असे हात असलेली माणसे फार थोडी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर सौ.नी कात्री घेतली आणि त्या बासमतीच्या पोत्यापाशी गेल्या. "आता फोडू ना?"

"थांब आई," कन्या म्हणाली. "नवे बोल्ट पहिल्यांदा ताणात आले की जरा सरकतात. शनिवारी परत एकदा मोजायचंय."

जावईबापूंनी न सांगता पिशवी उचलली आणि ते दुकानाकडे निघाले.